रोज शंभर टक्के कशाला?

प्रश्न : कोथरूड-हिंजवडी जाऊन-येऊन तीस-बत्तीस किलोमीटर होतात. स्कूटर एका चार्जिंगमध्ये नव्वद जाते. मित्र म्हणतात, पार उतरू दे आणि मगच रात्रभर लावून फुल कर. बरोबर आहे का?

हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला. लिथियम-आयन वारंवार लावल्याने खराब होत नाही. पन्नास टक्के दोनदा भरलं तरी चार्जिंगची सायकल (एक पूर्ण भरण्याइतका वापर) एकच. तिला सोसत नाही ते काठोकाठ भरून तासन् तास पडून राहणं आणि तळाला जाणं. रात्री दहाला लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर कधीतरी फुल होते आणि सकाळपर्यंत तशीच उभी. बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चार्जिंग तोडतो, ओव्हरचार्ज होत नाही, हे खरं. पण सेलचा व्होल्टेज चढलेलाच राहतो आणि आतली झीज अशा वेळी वाढते.

तुमच्या अंतराला ८० टक्के पुष्कळ झाले. ॲपमध्ये मर्यादा लावता येत असेल तर लावा, नाहीतर टायमरवाला प्लग घ्या. ३ किलोवॅट-अवरची बॅटरी आणि ७५० वॅटचा चार्जर धरला, तर तिसावरून ऐंशीवर जायला साधारण सव्वादोन तास. पहाटे पाचला सुरू, सव्वासातला बंद. हवाही थंड असते. महिन्यातून एक-दोनदा मात्र फुल करा, कारण सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल सारख्या पातळीवर आणणं) बऱ्याच गाड्यांत शेवटच्या टप्प्यातच होतं. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी असेल तर मॅन्युअल सांगेल तितक्या वेळा. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलत नाही, त्यामुळे डिस्प्लेवरचा आकडा भरकटतो आणि फुल केल्यावर जागेवर येतो. लांब जायचं असेल तेव्हा बिनधास्त शंभर करा, फक्त भरल्या भरल्या निघा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये ऑफिसातून आल्या आल्या लावते, तर चार्जिंग फार हळू होतं. चार्जर बिघडला का?

चार्जर ठणठणीत असावा. पॅक तापला की बीएमएस मुद्दाम करंट कमी करतो. बॅटरी सीटखाली असेल तर डिकीच्या तळाला हात लावून बघा. चांगलं गरम लागलं तर तासभर सावलीत राहू द्या, मग लावा. रोज फास्ट चार्जिंग नको म्हणतो तेही या उष्णतेपायीच. थंडीची काळजी पुणेकरांनी करू नये, लिथियमला चार्जिंगचा खरा धोका शून्याखाली.

प्रश्न : कात्रजला राहतो. सकाळी फुल चार्जवर स्वारगेटकडे निघालो की रीजन (थ्रॉटल सोडल्यावर गाडी मंदावत बॅटरीत वीज परत भरते ते) लागतच नाही, संध्याकाळी मात्र लागतं. असं का?

भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घ्यायला जागा नसते, म्हणून कंट्रोलर रीजन कमी करतो किंवा बंदच ठेवतो. त्यात तुमचा सकाळचा रस्ता उताराचा. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं ते याच उताराच्या जोरावर! ८५ टक्क्यांवर निघालात तर ही फुकटची वीज पदरात पडेल. फुल असेल त्या दिवशी ब्रेकवर हात तयार ठेवा, थ्रॉटल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही.

प्रश्न : सिंहगड रोडला राहतो. मुलीकडे तीन महिने परदेशी जाणार आहोत. गाडी प्लगला लावून जाऊ का?

मुळीच नको. पण रिकामीही सोडू नका. ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा आणि स्टोरेज मोड किंवा बॅटरीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) असेल तर मॅन्युअल वाचून वापरा. गाडी बंद असली तरी बीएमएस आणि ट्रॅकिंगची यंत्रणा थोडी थोडी वीज खात राहते. शून्यावर सोडलेला पॅक इतका खाली जातो की परत आल्यावर चार्जर त्याला दादच देत नाही. शेजाऱ्यांना किल्ली देऊन महिन्यातून एकदा आकडा बघायला सांगा. तिसाच्या खाली गेला तर तास-दीड तास लावायची. मुक्काम पावसाळ्यात असेल तर गाडी उंचावर लावून जा. जुलै २०२४ च्या पुरात एकतानगरीत काय झालं ते तुमच्या भागात कोणी विसरलं नसेल.

प्रश्न : आमच्या आजोबांची जुनी लो-स्पीड स्कूटर लेड-ॲसिडवर चालते. तिलाही ऐंशीच?

नाही, तिचा कारभार वेगळा. ती आल्यावर रोज लावायची आणि पूर्ण भरायची. अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि एकदा घट्ट बसलं की सहसा निघत नाही.