मी आले की अहिराणी थांबते

पत्र : मी नाशिकची. लग्न होऊन अमळनेरला दोन वर्षं झाली. सासूबाई नि नणंद अहिराणीत बोलत असतात. मी स्वयंपाकघरात गेले की मराठीवर येतात, नाहीतर गप्प होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या हातावर मांडा (खापरावरची मोठी पुरणपोळी) फाटला, तर सासूबाईंनी न बोलता तो काढून घेतला. मी त्यांना निकामी वाटते. तेव्हापासून कामापुरतंच बोलते.

ताई,

तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी दोनच : भाषा बदलली आणि मांडा काढून घेतला. ‘निकामी’ हा शब्द कुणी उच्चारलेला नाही, ती भर तुमची. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पाहिलं-ऐकलं तेवढंच, उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ. पंधरा दिवस, रोज पाच मिनिटं. डावीकडे ‘रागानं पाहिलं’ आलं तर ‘रागानं’ खोडा. हे सांभाळलं नाही, तर ती नुसती गाऱ्हाण्यांची वही होते.

मग प्रत्येक अर्थासमोर आणखी दोन कारणं लिहा. फाटक्या मांड्यातलं पुरण तापल्या खापरावर सांडलं की करपून चिकटतं नि पुढचा मांडा बिघडतो. तेव्हा शिकवत बसायला उसंत कुणाला? तुम्हाला कळावं म्हणून त्या मराठीवर येत असतील. नसतीलही! गोड अंदाज झाला तरी अंदाजच, म्हणून विचारायला हवं.

आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. ‘रागावलात का?’ला उत्तर ‘नाही’ ठरलेलं. ‘तुम्ही नेहमी…’ म्हटलं की भांडण. नवऱ्याकरवी तर नकोच, निरोपाची वाटेतच तक्रार होते. दुपारी दोघीच गहू निवडत बसाल तेव्हा एकाच प्रसंगाचं विचारा : ‘आई, त्या दिवशी मांडा घेतलात ते मला लागलं. तुमच्या मनात काय होतं?’ मग गप्प बसा. मध्येच स्वतःची बाजू मांडलीत, तर उत्तर अर्ध्यावर राहील. टोचणारं निघालं तरी चालेल, त्यावर काही करता तरी येतं.

तुमच्या अबोल्याचंही बघा. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काहींना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. ऐकणारे निम्मी तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा होरा. १२० पैकी ओळखली गेली ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. कामापुरतं बोलण्यामागचं तुमचं दुखणं सासूबाईंना कळलंय, हे कशावरून?

अहिराणीचं त्यामानानं सोपं. ‘माझ्यासाठी मराठी नको, मला शिकवा’ म्हणा आणि आठवडाभर बोलणं चालू राहतं का ते बघा. तरी थांबलंच, तर ते डावीकडे लिहा नि मला पुन्हा पत्र टाका.