एसयूव्हीचा ड्राइव्ह बेल्ट झिजलाय हे कसं ओळखायचं आणि बदलायचा कसा?

गाडी थंड असताना सुरू केल्यावर किंवा एसी लावल्यावर चिरका आवाज येत असेल, तर आधी ड्राइव्ह बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) बघा. फक्त भेगा शोधू नका. आजचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असतात. त्यांना भेगा फारशा पडत नाहीत, खाचा झिजून रुंद होतात आणि बेल्ट पुलीवर घसरतो. कडेचे धागे निघालेले, पाठ चकचकीत किंवा तेलकट झालेली दिसली तरी बदलायची वेळ झाली. तेल वा कूलंटची गळती असेल तर ती आधी थांबवा, नाहीतर नवा बेल्टही लवकर जाईल.

इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा फिरतो याचा फोटो काढून ठेवा. चुकीचा बसवला तर वॉटर पंप उलटा फिरून इंजिन तापू शकतं. लांब दांड्याच्या पान्याने टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) फिरवून बेल्ट सैल करा आणि गुळगुळीत पुलीवरून सोडवा. (टेन्शनरच नसेल तर तो स्ट्रेच बेल्ट, म्हणजे ताणून बसवायचा बेल्ट असू शकतो, त्याला वेगळं टूल लागतं.) आता प्रत्येक आयडलर (बेल्टला फक्त वाट देणारी मोकळी पुली) आणि टेन्शनरची पुली हाताने फिरवा. खरखर किंवा डुगडुग जाणवली तर तीही बदलाच.

नवा बेल्ट पार्ट नंबरवरूनच घ्या. ६पीके म्हणजे सहा धारांचा, पण लांबीही तंतोतंत जुळली पाहिजे. बसवल्यावर प्रत्येक धार खाचेत आहे का ते बोटाने चाचपा. एक खाच सरकली तरी कड फाटते. आवाज घालवायला स्प्रे मारू नका.