मशाल नको, मेणबत्ती घे

प्रिय बाळ,
शालोम.

एकटीने पेसाहची, आपल्या ज्यू सणाची, तयारी करायची तुझी ही पहिलीच वेळ. तीन दिवस घासून घासून बोटं सोलली, पण यात देव कुठे आहे ते कळलं नाही, असं तू लिहिलंस. वाचून जीव कळवळला. आता फडकं बाजूला ठेव आणि घटकाभर बस.

माझ्या लहानपणी पेसाहच्या आधी घराला चुना लागायचा, भांडी कल्हईला जायची. आई पिठाचा डबा अंगणात उपडा घालून त्याच्या कडा काडीने खरवडायची. कडेच्या वळकटीत जुनं पीठ घट्ट बसलेलं असायचं, वरून पाहिलं तर डबा लख्ख. मला तो डबा अजून आठवतो.

पेसाहला घरात ठेवायचा नसतो तो हामेत्स, म्हणजे धान्याचं आंबलेलं अन्न. तो काही घाण नव्हे. वर्षभर आपण तेच तर खातो. हामेत्स आणि मात्सा, म्हणजे पेसाहची बिनआंबवलेली भाकर, दोन्हींत पीठ तेच, पाणीही तेच. कणीक हात न लावता अठरा मिनिटं पडून राहिली की आंबली असं धरायचं. मिसरमधून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, निघताना आपल्या लोकांना कणीक फुगेपर्यंत थांबता आलं नाही. ताल्मूदातले, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातले, रब्बी अलेक्झांड्री प्रार्थनेत देवाला सांगतात की तुझ्या मर्जीने वागायची आमची इच्छा आहे, पण कणकेतलं खमीर आड येतं. हे खमीर म्हणजे आपला फुगलेला मीपणा. ‘उद्या बघू’ म्हणत जे चांगलं काम आपण पडू देतो, तेही मला यातलंच वाटतं.

निसान महिन्याच्या चौदाव्या रात्री, सणाच्या आदल्या रात्री, हामेत्स शोधायचा तो दिव्याच्या उजेडात. ताल्मूद म्हणतो, मशाल नको. मशालीचा उजेड मोठा, पण ती फटीत शिरत नाही, आणि धरणाऱ्याचं लक्ष घर पेटेल की काय या धास्तीतच राहतं. स्वतःला तपासतानाही तू मशाल घेतेस, बाळ. ‘मी वाईटच आहे’ म्हणून रडतेस आणि मग काहीच दिसत नाही. एक कोपरा बघ. कुणाशी अबोला आहे? कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत?

आणि मग थांब. मिश्नात, म्हणजे ताल्मूदचा पाया असलेल्या ग्रंथात, स्पष्ट सांगितलंय, एखाद्या जनावराने तुकडा या घरातून त्या घरात ओढून नेला असेल अशी शंका घेत बसू नये, नाहीतर त्याला अंतच नाही. जे दिसलं नाही, ते धुळीसमान होवो असं म्हणून सोडून द्यायचं. हे शब्द अरामी आहेत, पण कळत नसतील तर आपल्या भाषेत म्हणावेत. तू मराठीतच म्हण. आपल्या लोकांनी 1846 सालीच मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली होती, ती समजून म्हणता यावी म्हणूनच ना?

भाताची काळजी करू नकोस, आपल्याकडे तो पेसाहला चालतो. तुझी अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू परंपरेतली, मैत्रीण खात नसेल तर तिच्याशी वाद नको.

गरजूंच्या मात्सासाठी पैसे मात्र आधी काढून ठेव, फरशी मागाहून पूस. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री आपण म्हणतो, जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. ते ऐन वेळी म्हणून कुणाचं पोट भरत नाही.

सेदरला इकडेच ये, खजुराचा शिरा करून ठेवते. सोबत मेणबत्ती पाठवतेय. बारीक आहे, मोडू नये म्हणून रुमालात गुंडाळलीय.

तुझी,
मावशी