चंद्राची वाट आणि नाड्याचा करकोचा

प्रिय डॉक्टर,

तुला ‘डॉक्टर’ म्हणायची सवय माझ्या लेखणीला अजून झालेली नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या मुलीला आता ‘बाळ’ म्हणून पत्र लिहिणेही बरे दिसणार नाही.

तुझे पत्र मिळाले. शाळेत पाळीविषयी बोलायला गेलीस तेव्हा आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, माझी पाळी अमावास्येच्या आसपासच येते, म्हणजे माझ्यावर कुणी काही केले आहे का?” आणि तू “तसे काही नसते” एवढे बोलून पुढच्या तक्त्याकडे वळलीस. उत्तर खोटे नव्हते, पण घरी येईपर्यंत ते तुलाच टोचत राहिले, असे तू लिहितेस. टोचले हे चांगले झाले. मी हेच वाक्य पहिली दहा वर्षे सर्रास वापरले. सातव्या महिन्यातली एक बाई ग्रहणाच्या दिवशी सकाळपासून पाणीही न पिता बसली होती आणि चक्कर येऊन पडल्यावर तिला माझ्याकडे आणले होते. मी तिच्या सासूदेखत हसले आणि चार शब्द सुनावले. सलाइन लावून ती बरी झाली, पण पुन्हा माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. बाळंतपण कुठे झाले, कसे झाले, मला कधीच कळले नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाकडे मी आता जरा सावकाश पाहते.

आधी आपली भाषाच पाहा. माझ्या आजीच्या तोंडी ‘पाळी’ हा शब्द कधी आला नाही. ‘कावळा शिवला’ असे ती म्हणायची. म्हणजे जे घडले ते बाईच्या शरीरात नव्हे, बाहेरून कुणीतरी येऊन शिवल्यामुळे घडले. दृष्ट लागते, बाधा होते, ग्रहण लागते, वारे लागते. बाईच्या शरीराला आपल्याकडे सगळे काही बाहेरून ‘लागते’. शिकलेली माणसे याला हसतात आणि म्हणतात की शरीर आपल्या आतल्या नियमाने चालते, बाहेरच्याशी त्याचा संबंध नाही. मला हे दुसरे टोकही पटत नाही. बाईच्या शरीरावर बाहेरचा परिणाम होतो, भरपूर होतो, आणि त्यातला पुष्कळसा मोजताही येतो. प्रश्न एवढाच विचारायचा, की बाहेरचे आत येते म्हणतात ते कोणत्या वाटेने येते? वाट दाखवता आली तर तपासायची, नाही दाखवता आली तर पुढे जायचे.

आता चंद्र घे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस, नेमके सांगायचे तर २९.५३. मोबाइलमधल्या ॲपवर नोंदवलेल्या सहा लाखांहून अधिक पाळीचक्रांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली. आकडे इतके जवळ आहेत की कुणालाही नाते जोडावेसे वाटेल. पण त्या चक्रांतली नेमकी २८ दिवसांची होती फक्त १३ टक्के. बाकीची त्याच्या अलीकडेपलीकडे विखुरलेली. (आपल्या डोक्यातला ‘अठ्ठावीस’ पक्का करण्यात गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटाचा वाटाही असावा, असे मला वाटते, माला-डीच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात.) ज्या मुलीचे चक्र २९ दिवसांचे आहे तिची पाळी चंद्राच्या मागे-पुढे महिन्याला अर्धाच दिवस सरकते, म्हणून सहा महिने तरी ती अमावास्येला धरून येते असे वाटते. शेजारच्या बाकावरच्या मुलीचे चक्र २६ दिवसांचे असेल तर चार महिन्यांत ती अमावास्येवरून पौर्णिमेवर पोहोचते, पण ती उठून प्रश्न विचारत नाही, कारण तिला विचारण्यासारखे काही दिसतच नाही. तुझ्या वर्गात त्या दिवशी नेमके हेच झाले.

खेड्यातल्या मुलींना आणखी एक गोष्ट सांगता येईल. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, हे गोठा सांभाळणाऱ्या कोणत्याही घरात ठाऊक असते, आणि उंदरीचे चक्र चार-पाच दिवसांचे असते. चंद्र मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एकच असतो. तरीही दार पूर्ण लावून घेऊ नकोस. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१ साली २२ स्त्रियांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या पाळीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काहींचे चक्र मधूनमधून काही काळ चंद्राशी जुळलेले दिसले, आणि वय वाढले किंवा रात्रीचा कृत्रिम उजेड अधिक मिळाला की ते जुळणे कमी झालेले दिसले. बावीस जणी म्हणजे फार थोड्या. पण तिथे निदान उजेड ही वाट सुचवलेली आहे आणि ती तपासता येते. करणीला अशी वाट कुणी दाखवत नाही.

गंमत अशी, की चंद्र आपल्या बायकांच्या पाळीवर खरोखर परिणाम करतो, आणि त्याची वाट मी तीस वर्षे माझ्या टेबलासमोरून जाताना पाहिली आहे. ती आकाशातून येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरावरून येते. भाद्रपद शुद्ध चतुर्थी चंद्रावर ठरते, म्हणून गणपती २०२४ साली ७ सप्टेंबरला बसले आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. तारीख सरकली की घराघरातल्या सुना बोटांवर दिवस मोजू लागतात, आणि श्रावण संपता संपता औषधांच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. चतुर्थीवरून कॅलेंडर, कॅलेंडरवरून सासूबाईंचा प्रश्न, त्या प्रश्नावरून दुकानदार आणि दुकानदाराकडून नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे तीच पाळी पुढे ढकलणारी गोळी. वाट पुरी दिसते, टप्प्याटप्प्याने.

या गोळ्यांबद्दल तुला स्पष्ट बोलावे लागेल, कारण चिठ्ठीशिवाय त्या सहज मिळतात आणि बायका त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतात. नेहमीच्या पद्धतीत पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा गोळी घेतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईने कधीतरी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांग. भीती घालून कुणी थांबत नाही, फक्त तुला सांगणे थांबवते. परंतु पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली आहे का, यकृताचा आजार आहे का, आताची पाळी चुकलेलीच नाही ना, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नकोस. मग वर्षभरात किती वेळा घेतल्या, ते विचार. मला एकदा एकीने गणपती, नवरात्र, दिराचे लग्न, वास्तुशांत आणि पंढरपूर अशी यादी सांगितली होती, आणि शेवटी म्हणाली, “मॅडम, माझी पाळी माझ्यापेक्षा घरच्यांच्या जास्त लक्षात असते.”

चंद्राची दुसरी वाट पोटातून जाते. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत उपास, वटपौर्णिमेला उपास, आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, जी पाळीच्या दिवसांत नकळत घडलेल्या शिवाशिवीच्या प्रायश्चित्तासाठीच सांगितलेली आहे. उपासाला मिळते साबुदाण्याची खिचडी, ज्यात शेंगदाण्याचे कूट सोडले तर पिष्टाशिवाय फारसे काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. उपास सोड, असे मी कुणाला सांगितले नाही. राजगिरा, शेंगदाणे, खजूर, दूध पोटात जाऊ दे आणि लोहाची गोळी उपासालाही चालते, एवढे सांगितले. हे त्या मानतात.

बाहेरची आणखी एक वाट कपड्यांची. तिची सुरुवात नाड्यापासून करते, कारण फॅशन म्हटले की तुम्हा मुलींना आधी उंच टाचा आठवतात. तुझ्या ओपीडीत येणाऱ्या आजीबाईंच्या पोटाची तपासणी करताना परकराचा नाडा सैल करायला सांग आणि तिथली कातडी पाहा. कमरेभोवती काळा, जाड, खरखरीत पट्टा दिसेल, चाळीस-पन्नास वर्षांचा करकोचा, म्हणजे दोरी रुतून पडलेला वळ. पातळ सुती दोरी, वर साडीचे वजन, घाम, आणि सगळे रोज त्याच एका रेषेवर. बहुतेकींचे प्रकरण काळेपणा आणि खाज यांवर थांबते. क्वचित मात्र तिथे जखम होते, ती भरत नाही, आणि पुढे तिथेच कातडीचा कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणारे डॉ. वसंत खानोलकर यांनी घट्ट धोतराने कमरेवर होणारा असा कर्करोग १९४५ सालीच नोंदवला होता. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची उदाहरणे प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाड्याने झाला होता, दुसरी परकराशिवाय घट्ट लुगडे नेसणारी होती. म्हणजे दोष साडीचा नाही, दाबाचा आहे. कमरेवरची जखम महिनाभर मलम लावूनही भरत नसेल तर आणखी एक मलम लिहून देऊ नकोस, तुकडा तपासायला पाठव.

मला याचे आश्चर्य वाटते की गर्भारपणात ग्रहणाच्या वेळी सुरी चालवली तर बाळाचा ओठ फाटतो असे मानणाऱ्या घरात हा रोजचा नाडा कुणाला दिसत नाही. (बाळाचा वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो; सातव्या महिन्यात भाजी चिरून तो फाटणार कसा, हे त्या सासूबाईंना तेव्हा शांतपणे सांगायला हवे होते.)

तुझ्या वयाच्या मुलींचा करकोचा वेगळ्या ठिकाणी असतो. लग्न ठरलेली एक मुलगी तीन महिने पाळी आली नाही म्हणून आईबरोबर माझ्याकडे आली होती. आईचे म्हणणे, दृष्ट लागली. मुलीचे म्हणणे, पीसीओडी असेल. सोनोग्राफी व्यवस्थित होती, लघवीची तपासणीही. शेवटी मी वजन विचारले. तिने लग्नाचा ब्लाउज शिंप्याकडे दोन इंच कमी मापाने शिवायला टाकला होता आणि त्यात बसण्यासाठी तीन महिन्यांत अकरा किलो उतरवले होते. अन्न इतके कमी पडले की मेंदू बीजकोशांना निरोप पाठवणे थांबवतो. शरीराला वाटते दुष्काळ पडला आहे, आणि दुष्काळात गर्भ धरू नये हे त्याला कळते. औषध म्हणून मी तिला दोन्ही वेळा पोळी-भाजी-वरण-भात लिहून दिला, आणि शिंप्याला ब्लाउज उसवायला सांगितले. चौथ्या महिन्यात पाळी आली. गोरेपणाच्या मलमांविषयी मी तुला वेगळे लिहीन. तूर्त एवढेच, की चेहरा लाल, पातळ आणि उन्हात जळजळणारा दिसला की ‘कोणते क्रीम?’ हे आधी विचार आणि ट्यूब घेऊन यायला सांग, कारण त्यात बहुतेकदा स्टेरॉइड निघते.

पण सगळ्यात रुंद वाट पैशाची असते, आणि तू ज्या जिल्ह्यात आहेस तिथे ती दसऱ्यानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून साखर कारखान्याकडे जाते. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे. आणि एखादा दिवस काम बुडाले तर खाडा, म्हणजे दंड, तो उचलीच्या हिशेबात धरला जाणार. ज्या बाईला पाळीच्या दिवसांत ना न्हाणीघर, ना संडास, ना फडातून बाहेर पडायची सोय, तिला अंगावरून पांढरे जाऊ लागले आणि कुणी ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले, तर ती पिशवी काढून टाकायला का तयार होते हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही. राज्य शासनाने बीड जिल्ह्यातल्या या प्रकारांसाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि तीच बाई पुन्हा मोळी डोक्यावर घेते. तुझ्याकडे ‘पिशवी काढायची आहे, कागद करून द्या’ म्हणत कुणी आली, तर गर्भाशयमुखाची तपासणी आणि जंतुसंसर्गाचा पुरता उपचार झाल्याशिवाय पुढची चिठ्ठी देऊ नकोस. ती चिडेल, कारण ट्रॉली सुटायची तारीख ठरलेली असते. चिडू दे, पण उपचाराच्या गोळ्या तिच्या हातात तिथेच दे. ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणालीस तर ती पुढच्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रात असेल.

त्या आठवीतल्या मुलीला पुन्हा भेट. तिच्यासाठी एक जुनी वही ने आणि पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख वर्षभर लिहायला सांग, शेजारी तिथीही लिहू दे. पहिली दोन-तीन वर्षे चक्र मागेपुढे होतेच, हे आधी सांगून ठेव. वर्षाअखेरीस वही तिने स्वतः वाचावी, तू वाचून दाखवू नकोस. आणि तिने विचारलेल्या प्रश्नाबद्दल वर्गासमोर तिचे कौतुक कर. बाकीच्या पस्तीस जणींच्या मनात तोच होता.

सोबत इंचभर रुंदीच्या सुती पट्टीचे एक बंडल पाठवते आहे. आजीबाई आल्या की परकराची पातळ दोरी ओढून काढून ही ओवून द्यायला नर्सबाईंना सांग. पिन त्यांच्याकडे असतेच. संपले की कळव.

तुझी,
मॅडम