जवळच्या धुळकट दीर्घिकांमध्ये झगमगीत किती आणि मिणमिणत्या किती, हे मोजतात कसं?

तुम्ही विचारलंय की आपल्या आसपासच्या, धुळीने भरलेल्या आणि भराभर तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत तेजस्वी किती आणि मंद किती हे कसं ठरवतात, यादीतल्या सरळ मोजल्या की झालं ना? नाही होत. एमेस्सीच्या प्रोजेक्टला मी नेमकं तेच केलं होतं आणि किती तेजाच्या किती दीर्घिका आहेत याचा चुकीचा आलेख दोन महिने खरा धरून चाललो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धुळीचं. मी यावल तालुक्यातला, आमचं जुनं घर धाब्याचं. मे महिन्यात रात्री नऊ-दहा वाजता पण पश्चिमेच्या भिंतीसमोर वीतभर अंतरावर नुसता हात धरला तरी धग लागते. भिंत काही चमकत नाही, पण दिवसभर खाल्लेलं ऊन ती परत देत असते. दीर्घिकेतली धूळ हेच करते, नव्या ताऱ्यांचा निळा आणि अतिनील उजेड ती गिळते, त्याने तापते (तापते म्हणजे तरी किती, उणे २४० सेल्सिअसच्या आसपास) आणि तीच ऊर्जा दूरच्या अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब तरंगलांबीच्या प्रकाशात, बाहेर सोडते. हा प्रकाश आपली हवा बहुतेक अडवते, म्हणून अवकाशात जावं लागतं, आणि दुर्बीणही थंड ठेवावी लागते, नाहीतर तिची स्वतःचीच धग मोजली जाईल. १९८३ साली आयरास उपग्रहाने हे केलं, आरसा फक्त ५७ सेंटिमीटरचा, भोवती द्रव हेलियम, ते दहा महिने पुरलं आणि तेवढ्यात ९६ टक्के आकाश बघून झालं. त्यातून निघालेली, २००३ मध्ये सुधारून छापलेली एक यादी आहे, ६० मायक्रॉन तरंगलांबीला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ५.२४ जान्स्कीपेक्षा (आपल्यापर्यंत पोचणारा उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड देणाऱ्या ६२९ दीर्घिकांची. मी हीच वापरली.

आता खरी गोम. रब्बीत गव्हाला पाणी भरायला रात्रीच जावं लागतं, लाईट तेव्हाच असते. शेतात उभं राहिलं की पार लांबून दीपनगरच्या थर्मल वीजकेंद्राचे दिवे दिसतात, पण चार वावरं सोडून कोणी बॅटरी घेऊन दारे धरत (पिकाला पाणी देत) असेल तर तो दिसत नाही. दिसले तेवढे दिवे वहीत मांडले तर वाटेल जिल्ह्यात मोठे दिवेच फार आणि बॅटऱ्या मोजक्याच. दीर्घिकांचंही असंच होतं. शंभर पट तेजस्वी दीर्घिका दहा पट लांबून दिसते, म्हणजे आपण तिच्यासाठी हजार पट मोठी जागा धुंडाळलेली असते. त्या ६२९ मध्ये अवरक्तात सूर्याच्या १०० अब्ज पटीहून जास्त तेज असलेल्या साधारण २०० आहेत, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा! पण आपल्या आसपासच्या विश्वातल्या एकूण अवरक्त ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम पाच-सहा टक्के निघतो.

मग करायचं काय, तर प्रत्येक दीर्घिकेला विचारायचं की बाई, तुला किती लांब ढकललं तरी तू यादीत टिकशील? उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे हिशोब सोपा आहे. एम ८२ ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं, ६० मायक्रॉनला १४८० जान्स्की. १४८० भागिले ५.२४, त्याचं वर्गमूळ जवळपास १७, म्हणजे ती २० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत दिसली असती. आर्प २२० ही दुसरी दीर्घिका आहे २५ कोटींवर, उजेड १०४ जान्स्की, ती टिकते थेट ११० कोटींपर्यंत. दोघींच्या जागांचं घनफळ काढलं तर दीडशे पटीहून जास्त फरक येतो. म्हणून मोजताना प्रत्येकीला एक न धरता, एक भागिले तिचं घनफळ, इतकं धरायचं. ही रीत खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी १९६८ मध्ये क्वेसारसाठी (फार लांबच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांसाठी) वापरली होती. माझ्या आलेखात मध्ये जो उंचवटा होता तो हे केल्यावर गेलाच, मंद बाजूला आकडा चढत राहिला आणि तेजस्वी बाजूला धाडकन खाली आला.

दोन ठिकाणी सांभाळा. अंतर नुसतं रेडशिफ्टवरून (दीर्घिका लांब जाताना तिचा प्रकाश लाल बाजूला सरकतो, त्यावरून) काढू नका, जवळच्या दीर्घिकांना स्वतःची काही शे किलोमीटर प्रति सेकंदाची चाल असते, देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येतेय, तिचं अंतर उणे येईल. दुसरं म्हणजे आयरासची सगळ्यात लांब तरंगलांबीची पट्टी १०० मायक्रॉनची, त्यामुळे वीसेक केल्विनची (उणे २५० सेल्सिअसच्या आसपासची) गार धूळ तिच्या हाती नीट लागत नाही. ते काम पुढे हवाईच्या १५ मीटर दुर्बिणीवरच्या स्कुबा कॅमेऱ्याने ८५० मायक्रॉनला केलं, १०४ दीर्घिका मोजून २००० साली निकाल आला, आणि मग २००९ ते २०१३ हर्शेल या अवकाश दुर्बिणीने, साडेतीन मीटरच्या आरशाने.

करून बघायचं असेल तर स्प्रेडशीट पुरते, नाव, अंतर, जान्स्की असे तीन रकाने. आधी प्रत्येकीचं आत्ताचं घनफळ (तिच्या खऱ्या अंतरापर्यंतच्या जागेचं) भागिले जास्तीत जास्त घनफळ (ती दिसू शकेल तिथपर्यंतच्या जागेचं) काढा आणि सरासरी घ्या, दीर्घिका सगळीकडे सारख्या पसरल्या असतील तर ०.५ च्या जवळ येते. बरीच वेगळी आली तर पुढे जाऊ नका, आधी यादी तपासा. आणि सगळ्यात मंद गटात दोन-तीनच दीर्घिका उरतात, त्याही कन्या समूहासारख्या दीर्घिकांच्या गर्दीतल्या असू शकतात, तिथे त्रुटीची रेघ लांबच काढा.