मामांचा जुन्या पुस्तकांचा आणि पोथ्यांचा संग्रह माझ्याकडे आला आहे. व्यापाऱ्याला विकू, ग्रंथालयाला देऊ की घरी ठेवू?

तुम्ही लिहिलं आहे की मामा गेले, जुन्या नाशकातला त्यांचा वाडा पाडायला निघाला आहे, दोन फडताळं भरून पुस्तकं आणि बासनात बांधलेल्या काही पोथ्या मामींनी "तूच घेऊन जा" म्हणून तुमच्या हवाली केल्या आहेत. तुम्ही पुण्यात राहता आणि एक व्यापारी "सगळं एकरकमी उचलतो, उद्याच टेम्पो आणतो" म्हणून मागे लागला आहे.

सगळ्यात आधी त्या व्यापाऱ्याला थांबवा. यादी पूर्ण होईपर्यंत तुमच्या ताब्यातून एक चिटोराही बाहेर जाता कामा नये. ग्रंथालयाला द्यायचं ठरलं तरी हेच, आणि नात्यातल्या कुणी "एवढी एक ज्ञानेश्वरी आठवण म्हणून नेते" म्हटलं तरी हेच.

इतकं ठासून सांगतोय, कारण थोरल्या काकांचा संग्रह माझ्याकडे आला तेव्हापासून मी या कामात आहे आणि ओळखीतल्या काही घरांनाही यात मदत केली आहे. काका शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांच्या संग्रहात बाजारात भारी किंमत येईल अशी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. पण त्यांच्या वडिलांच्या पंचांगांचा गठ्ठा निघाला. जुन्या पंचांगांना रद्दीवालाही नाक मुरडतो, आणि या गठ्ठ्याच्या समासांत बारीक अक्षरात वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत: पाऊस कधी लागला, गंगेला म्हणजे गोदावरीला पाणी किती आलं, कांद्याला काय भाव मिळाला, कोणाकडे बारसं, कोण वारलं. 1969 च्या महापुराच्या पानावर "सराफ बाजारात पाणी, पुस्तके माळ्यावर नेली" एवढंच आहे. संग्रहातल्या बऱ्याच पुस्तकांवर चिखलाच्या पाण्याची रेघ नाही, त्याचा उलगडा या ओळीमुळे झाला. पंचांगं वेगळी आणि पुस्तकं वेगळी गेली असती तर दोन्ही मुकी झाली असती. एकगठ्ठा घेणारा माणूस पहिल्याच दिवशी नेमकी हीच फोड करतो: चार-पाच पुस्तकं बाजूला, चित्रं असतील तर ती कापून वेगळी, उरलेलं किलोवर.

यादी करायला ग्रंथपाल असावं लागत नाही. आधी प्रत्येक कप्प्याचा जसा आहे तसा फोटो काढा, क्रम मोडू नका. मग एकेक पुस्तक: नाव, लेखक, छापखाना, गाव, साल, आवृत्ती, आणि आत कोणाची सही, शिक्का किंवा हाताने लिहिलेलं काही आहे का. पानांत सापडलेली पत्रं, पावत्या, हँडबिलं तिथेच ठेवा आणि पान नंबर टिपा. पेन्सिल वापरा, शाईपेन जवळही नको.

साल ओळखणं हा यातला सगळ्यात रंगणारा भाग. जुन्या मराठी पुस्तकावर बहुधा शक असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतं, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी 79. मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर मागच्या-पुढच्या पानांवर "सन 1867 चा आक्ट 25 प्रमाणे रजिस्टर" अशा धर्तीची ओळ शोधा. ती असेल तर पुस्तक 1867 नंतरचं, कारण छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा तो कायदा त्या साली आला. अक्षर हाताने लिहिल्यासारखं गोल, ओळी किंचित हलणाऱ्या आणि पानाला चौकट असेल तर ते शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं काम असण्याची शक्यता मोठी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1841 मध्ये शिळेवर पंचांग छापलं, आणि पुढे कित्येक वर्षं पोथ्या अशाच निघत राहिल्या. बऱ्याच जणांना अशी छापील पोथी हस्तलिखित वाटते. भिंगातून पाहा. हाताने लिहिताना बोरूची शाई सुरुवातीला दाट आणि पुढे फिकी होत जाते, छापात ती सगळीकडे सारखी असते.

खरं हस्तलिखित हाती लागलं तर आधी शेवटचं पान उघडा. लेखनिक तिथे शक, संवत्सर, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव लिहितो. काकांच्या एका पोथीच्या शेवटी "शके 1743 वृषनाम संवत्सरे" असं आहे. हे साल खरं की नंतर कोणी घुसडलेलं, ते ताडायची सोपी रीत आहे. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी राहील तो साठ संवत्सरांच्या चक्रातला क्रमांक. 1743 अधिक 12 म्हणजे 1755, बाकी 15, आणि प्रभवापासून पंधरावा संवत्सर वृषच येतो. जुळलं. म्हणजे पोथी 1821-22 मधली, पेशवाई बुडाल्यावर तीन-चार वर्षांनी लिहिलेली. त्याच पानावर तळाशी लेखनिकांचा नेहमीचा श्लोक आहे: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच सांगतं. जपणुकीच्या सगळ्या सूचना त्यात आल्या आहेत.

जुनं आहे म्हणजे दुर्मीळ आहे, असं मात्र समजू नका. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत, गुरुचरित्र यांच्या छापील पोथ्या शंभर वर्षांच्या असल्या तरी घरोघरी सापडतात. उलट जे जपायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, ते आज मिळत नाही: मासिकांचे सुटे अंक, नाटकांची हँडबिलं, गावातल्या छापखान्यातली पातळ पुस्तकं, शाळेची क्रमिक पुस्तकं. 'मनोरंजन' मासिकाचा 1909 चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात, पण त्या काळातल्या साध्या महिन्याच्या अंकांनाही अभ्यासक शोधत असतात. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश किंवा नाशिक जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर मूळ छपाईत असेल तर ते वेगळं काढून ठेवा.

नाशिकच्या घरात आणखी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, जप्त साहित्य, म्हणजे इंग्रज सरकारने बंदी घातलेलं. बाबाराव सावरकरांना 1909 मध्ये काव्यं छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्यानंतर अशी कागदपत्रं घरात ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. काहींनी ती जाळली, काहींनी दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात दडवली. म्हणून पुठ्ठा आणि आतलं पुस्तक जुळत नसेल तर बांधणी उसवू नका, नुसती नोंद करा. दुसरी गोष्ट, मामांचं घराणं क्षेत्रोपाध्यांचं असेल किंवा पंचवटी, त्र्यंबकशी नातं असेल तर लांबट वह्या, मोडीत लिहिलेल्या. तीर्थाला आलेल्या कुळांच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी त्यात असतात. त्या "हिशेबाच्या जुन्या वह्या" म्हणून कुणाकडे जाऊ देऊ नका.

हात लावण्याबद्दल. पूर्वी पुस्तकांवर डीडीटी किंवा गॅमेक्झिनची पूड सर्रास मारत. कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालूनच काम करा, लहान मुलांना लांब ठेवा. पोथीतला पिवळा लेप हरताळाचा असतो, त्यात सोमल म्हणजे आर्सेनिक हे विष असतं. तो जागच्या जागी निरुपद्रवी आहे, पण बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय तिथे विसरा. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. ओल लागली असेल तर उन्हात वाळवू नका, पानं वाकडी होतात आणि शाई उडते. सावलीत पंखा आणि मधेमधे टीपकागद पुरतो.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या संग्रहात सगळ्यात आजारी असतील ती 1900 ते 1950 मधली छापील पुस्तकं. जुन्नरला किंवा दौलताबादजवळ कागदीपुऱ्यात चिंध्यांपासून केलेला हातकागद दोनशे वर्षांनंतरही मऊ असतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून स्कॅनिंगला पहिला मान या तरुण पुस्तकांना द्या, पोथ्या थांबू शकतात. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईलने काढलेले फोटोही चालतील. पुस्तक पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धंच उघडा. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं उलटली असतील तर ते स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर टाकायलाही हरकत नसते.

पोथ्या आडव्या, वर-खाली लाकडी फळी आणि सुती रुमालात. नवीन मांजरपाट आणलात तर आधी दोनदा धुऊन खळ काढा, खळीला कसर धावते. वेखंडाची पुरचुंडी कप्प्यात ठेवा, पानांत नको. नाशिकचा पाऊस आणि वाड्याची मातीची भिंत यांच्यामुळे बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट सगळ्यात आधी बुरशी धरतं. पुण्याला हलवायचं असेल तर पावसाच्या आधी, छोट्या खोक्यांत. गोणीत भरलेली पुस्तकं सिन्नर-संगमनेरचा रस्ता संपेपर्यंत कोपरे झिजवून घेतात.

कायद्याचं थोडक्यात. मामांनी मृत्युपत्र केलं नसेल तर वारस मामी आणि मुलं, भाचा नव्हे. मामींनी प्रेमाने दिलं हे खरंच, तरी त्यांची आणि मामेभावंडांची सही असलेलं साधं पत्र यादीसोबत जोडून घ्या. उद्या एखादी पोथी मोलाची निघाली तर घरात कटुता यायला नको. दुसरं, 75 वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाची हस्तलिखितं 1972 च्या केंद्रीय कायद्याखाली पुरातन वस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो, त्या तुम्हाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि पोथीत चित्रं असतील तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. त्या व्यापाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. टेम्पोची घाई तिथेच कमी होईल.

आता द्यायचं कोणाला. मी असतो तर हस्तलिखितं आणि हाताने लिहिलेल्या नोंदी असलेलं सगळं एकत्र संस्थेकडे दिलं असतं, घरच्यांच्या जिव्हाळ्याची थोडी पुस्तकं ठेवली असती आणि ज्यांच्या प्रती सगळीकडे मिळतात तेवढीच विकली असती. नाशकात 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जुन्या हस्तलिखितांचाही संग्रह आहे. नाशिकचं नाशकात राहावं असं वाटत असेल तर आधी तिथे विचारा. तुम्ही पुण्यात आहात, तर मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं निघाल्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आणि संस्कृत पोथ्यांसाठी भांडारकर संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. पण मोठं नाव पाहून लगेच खोकी पोचवू नका. एका संस्थेत दान आलेल्या पोत्यांची तोंडंसुद्धा वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती, हे मी पाहिलं आहे आणि ते अजून सलतं. देण्याआधी लेखी विचारा: यादीवर सही करून पोच देणार का? मामांच्या नावाने संग्रह एकत्र राहील का? सूचीत कधी येईल? दुबार प्रती निघाल्या तर त्यांचं काय करणार? स्कॅनची प्रत घराला मिळेल का? या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी छोटी संस्थाही मला चालेल.

वाडा पडायला किती अवधी आहे ते लिहिलेलं नाही. पावसाळ्याआधीच असेल तर यादी वाड्यात करत बसू नका. कप्प्यांचे फोटो काढा, प्रत्येक खोक्यावर कप्प्याचा क्रमांक घाला आणि नाशकातच कोणा नातलगाच्या कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवा. यादी तिथे निवांत होईल. मोडी वह्या किंवा पोथीचं शेवटचं पान निघालं तर फोटो इथेच खाली टाका. मोडी मला बऱ्यापैकी लागते, आणि जे मला लागणार नाही ते वाचणारे इथे आहेत.