दिसायला सेम, तरी जात वेगळी कशी?

प्रश्न: सर, थंडीत आम्ही अजिंक्यताऱ्यावर पक्षी बघायला जातो, झाडांत हिरवट-पिवळट इवलेसे वटवटे दिसतात, मला तर सगळे एकच वाटतात. मित्र म्हणतो यात दोन-तीन जाती आहेत, आणि आता डीएनएवरून अजून नवीन निघतायत. डोळ्याला फरकच दिसत नसेल तर जात वेगळी म्हणायची कशाच्या जोरावर? – एक वाचक, सातारा

उत्तर: मित्र बरोबर सांगतोय. दाट पानांत रंग कोण बघत बसणार, हे पक्षी एकमेकांना ओळखतात ते जास्त करून आवाजावरून, त्यामुळं रंग तसाच राहून नुसतं गाणं बदलू शकतं. पुढच्या वेळी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, दुर्बिणीपेक्षा जास्त कळेल.

भारी उदाहरण अरुणाचलचं. २००९ ला स्वीडनचे पक्षीतज्ज्ञ पेर आल्स्ट्रॉम आणि आपले पक्षीअभ्यासक शशांक दळवी तिकडं प्लेन-बॅक्ड थ्रश (आपल्या कस्तुराच्या नात्यातला) बघत होते, तर जंगलातला एकदम सुरेल गातोय आणि झाडं संपतात त्याच्या वरच्या उघड्या खडकाळ भागातला नुसता खरखरतोय. रंगानं दोघं जवळपास सेम! मग म्युझियममधले जुने नमुने मोजले तर चोच, पाय, शेपटी यांत थोडा फरक, आणि डीएनए बघितला तर दोघांचे वंश काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. आता नुसता डीएनएत फरक आहे म्हणून लगेच नवीन जात होत नाही, लांबच्या दोन डोंगरांवरच्या एकाच जातीतही थोडाफार फरक निघतोच, पण हे दोघं एकाच डोंगरावर वर-खाली राहतात, शेजारीच म्हणा ना, तरी आपसात मिसळून एक न होता वंश वेगळेच राहिलेत, माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हाच. २०१६ ला जंगलातल्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेही सलीम अलींच्या नावावरून. चीनमधल्या सिचुआनचा पण वेगळा निघाला, म्हणजे एकाचे तीन.

एक भानगड आहे. बऱ्याचदा आधी मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए बघतात आणि तो फक्त आईकडून येतो, मधे कधी संकर झाला असेल तर तो फसवतो, म्हणून बाकीचा जीनोमही (म्हणजे पेशीतला उरलेला सगळा डीएनए) तपासावा लागतो.

आणि उलटंही होतं बरं का. थंड देशांतल्या रेडपोल या छोट्या पक्ष्याच्या तीन जाती मानायचे, जीनोम बघितला तर रंग-चोचीतला फरक मुख्यतः एकाच क्रोमोसोमच्या (गुणसूत्राच्या) उलट्या झालेल्या तुकड्यामुळं, बाकी सगळं जवळपास सारखंच! २०२४ ला ईबर्डच्या (पक्षीनिरीक्षक नोंदी करतात ती वेबसाईट) यादीत तिघांची एकच जात केली, ज्यांनी तिन्ही टिक केल्या होत्या त्यांच्या लिस्टमधून दोन गेल्या.